इंदूअक्कांच्या करीबेवावरची बिऱ्हाडं

हुबळीत उणकलला राहायला आलो त्या दिवशी सामानाचा टेम्पो अजून दारातच होता, तेवढ्यात शेजारच्या कंपाउंडवरून आवाज आला, "कपाट आडवं नेऊ नका, चौकटीला लागेल. उभं धरा. आणि तू रे, निळ्या शर्टवाला, तू नुसता बघतोयस!"

निळ्या शर्टवाला म्हणजे मी. घराचा मालक.

भिंतीपलीकडे फक्त एक डोकं दिसत होतं. पांढरे केस, त्यात अबोलीची चार फुलं, आणि दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा. नंतर कळलं की तेवढं डोकं दिसायलाही बाईंना उलट्या ठेवलेल्या बादलीवर उभं राहावं लागतं. त्या इंदूअक्का. खेड्यापाड्यांतल्या सरकारी शाळांत उभी हयात शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. निवृत्ती कागदावर झाली होती. अक्कांना त्याबद्दल कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं.

त्या कोणालाही अर्ध्या नावानं हाक मारत नसत. "सुधीर विनायक जोशी, पेपर आला का?" असं सकाळी सात वाजता भिंतीपलीकडून आलं की मी आधी उभा राहायचो आणि मग जागा व्हायचो. कोपीकर रोडवरच्या आमच्या विम्याच्या ऑफिसात साहेबसुद्धा मला नुसतं जोशी म्हणतात. दुसरी सवय म्हणजे "पुढे?" तुम्ही काहीही सांगा, अक्का म्हणणार, "पुढे?" मी एकदा सांगितलं, "अक्का, रात्रीपासून ताप आहे." "पुढे?" तापाच्या पुढे काय असतं ते मला सुचेना, म्हणून मी डॉक्टरकडे गेलो.

त्यांचे यजमान अप्पा, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दिवसाकाठी वीसेक शब्द बोलायचे, त्यातले बारा "हो". बाकीचे आठ मात्र ऐकण्यासारखे असत.

या दोघांच्या परसात करीबेवाचं झाड होतं. कढीलिंबाला आम्ही हुबळी-धारवाडकडचे लोक मराठी बोलतानाही करीबेवच म्हणतो. झाड चांगलं दीड मजला उंच होतं आणि त्याच्या पानांची अक्का चटणीपुडी करत. पानं सावलीत वाळवायची, उडदाची डाळ, खोबरं, चिंच, गूळ आणि ब्याडगी मिरची घालून खलबत्त्यात कुटायची. मिक्सरचं नाव काढलं तर अक्का तुमच्याकडे कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे बघावं तसं बघत. गल्लीतल्या प्रत्येक घरात त्या पुडीची बाटली होती, वर अक्कांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. अप्पांचं तर दोन वेळचं जेवण त्या पुडीवरच चालायचं. मधे त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा तोंडाची चव गेली होती. ती परत आली ती भाकरी, तूप आणि या पुडीनंच, असं ते सांगत. हे सांगताना त्यांचे दिवसाचे शब्द संपून जायचे.

तर एका जुलैत अक्का भडकल्या. कारण पाखरांनी करीबेवाची पानं घाण केली होती. जिकडे तिकडे तपकिरी-पांढरे ओले ठिपके. रोज सकाळी अक्का फडकं भिजवून पान न पान पुसायच्या आणि वर बघून कावळ्यांना कन्नडमधे आणि बुलबुलांना मराठीत बोलायच्या. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून किंकाळी आली.

"सुधीर विनायक जोशी! लवकर ये! घाण चालायला लागली!"

मी भिंतीवरून उडी मारून गेलो. अक्कांनी फडक्यानं दाबायला घेतलेला एक ठिपका पानाच्या देठाकडे सावकाश निघाला होता. अक्कांनी त्याला बोट लावलं. त्याबरोबर त्यानं डोकं मागे टाकलं आणि मानेतून लाल रंगाचं दुफाटी शिंग बाहेर काढलं. खराब झालेल्या लिंबाच्या लोणच्यासारखा वास सुटला.

अक्का एक पाऊल मागे सरल्या. मी त्यांना मागे सरताना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

"हे मला शिंग दाखवतंय?" त्या म्हणाल्या. "मला?"

ती अळी होती. नखाएवढी, आणि हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी, म्हणजे कोणी पाखरू तिला तोंड लावणार नाही. झाडावर अशा पंचवीस-तीस निघाल्या. काही मोठ्या होऊन हिरव्यागार झाल्या होत्या. त्यांच्या पाठीवर सापासारखे खोटे डोळे होते आणि त्या करीबेवाची कोवळी डहाळी अर्ध्या तासात साफ करत होत्या. अप्पांनी आतून फवारणीचा पंप आणला. अक्कांनी पंपाकडे पाहिलं, अळीकडे पाहिलं. अळीचं शिंग अजून बाहेरच होतं.

"ठेवा तो," त्या म्हणाल्या.

"पुडी?" अप्पा म्हणाले.

"अहो, एवढ्या वर्षांत मी मारलं असेल तर तोंड लपवून बसणाऱ्याला. एवढंसं असून जो माझ्यापुढे उभा राहिला त्याला कधी हात लावला नाही. आता काय लावू?"

अप्पा "हो" म्हणाले आणि पंप आत नेऊन ठेवला.

मग वाटणी झाली. खालच्या फांद्या पुडीसाठी आणि वरच्या अळ्यांसाठी. मधे लाल सुतळी बांधली. अळ्यांनी सुतळी मानली नाही. अक्का खाली आलेल्या अळीला पानासकट उचलून वर नेऊन ठेवायच्या, आणि दुपारपर्यंत ती पुन्हा खाली. श्रावण लागला तेव्हा झाडाचा नुसता खराटा उरला होता. गल्लीतल्या बाटल्या रिकाम्या झाल्या. बायका कुजबुजायला लागल्या.

त्याच सुमारास मला अक्का कमरीपेठेच्या बाजाराजवळ भेटल्या. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यावर वर्तमानपत्र घट्ट दाबून धरलेलं. मी नमस्कार केला. पिशवीतून करीबेवाचा वास येत होता. परसात दीड मजली झाड असून बाजारातून करीबेव नेणारी बाई हुबळीत दुसरी नसेल.

"हे मी आणलेलं नाही," अक्का एकदम म्हणाल्या. "अप्पांनी आणलंय."

"अप्पा कुठायत?"

"घरी," अक्का म्हणाल्या, आणि भराभर चालायला लागल्या.

बाजारच्या पानांची पुडी अप्पांनी एक घास खाऊन बाजूला सारली. "औषध मारलंय," ते म्हणाले. त्या महिन्यात अप्पांनी बिनपुडीच्या भाकरी खाल्ल्या, तक्रार केली नाही. फक्त एकदा मला म्हणाले, "त्यांचं पोट भरतंय. आमचं बघू."

अप्पांचा त्याग तेवढ्यावर थांबला नाही. पोट भरलं की या अळ्या कोश करायला जागा शोधत फिरतात. एक फिरत फिरत ओसरीवर आली आणि खुंटीला टांगलेल्या अप्पांच्या छत्रीच्या लाकडी मुठीवर चढली. मागचं टोक मुठीला चिकटवलं, कमरेभोवती रेशमी धागा घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिचा कोश झाला. झाडावरचे कोश हिरवे होते, हा मुठीसारखाच तपकिरी. अक्का चष्मा लावून तासभर बघत होत्या. "जिथे बसला तिथला रंग घेतलाय," त्या म्हणाल्या. मग आत गेल्या आणि छत्रीखाली चिठ्ठी लावून आल्या: "हलवू नये."

आणि श्रावणातला पाऊस धो धो कोसळत होता. अप्पा बारा दिवस डोक्यावर प्लास्टिकची पिशवी ओढून दुधाला जात होते. मी एकदा म्हणालो, "अप्पा, माझी छत्री न्या." अप्पांनी पिशवीची कड जरा वर केली. "नको," म्हणाले. "तुझ्या छत्रीवर बसलं तर तू काय नेशील?"

तेराव्या दिवशी सकाळी छत्रीवरून फुलपाखरू निघालं. काळंभोर, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, आणि पंखांना खाली शेपटीसारखी टोकं. पंख आधी ओल्या रुमालासारखे चुरगळलेले होते, ते हळूहळू ताठ झाले. तासाभरानं ते ओसरीतून उडालं. अक्कांनी साखर वाटली.

आता अक्कांना नाद लागला. स्वयंपाकघरातलं जाळीचं झाकण त्यांनी दोन कोशांवर ठेवलं. वहीत नोंद केली. आणि तिथेच मोठा घोळ झाला. पहिल्या कोशातून छत्रीवरच्यासारखंच फुलपाखरू आलं. दुसऱ्यातून निघालं ते अगदीच निराळं. पंखांवर तांबडे ठिपके, वरच्या पंखांवर पांढरे पट्टे.

"सुधीर विनायक जोशी," भिंतीवर डोकं आलं. "माझ्या झाकणाला हात कोणी लावला?"

"कोणी नाही अक्का."

"मग अ‍ॅडमिशनला एक पोर आणि निकालाला दुसरं, हे कसं झालं?"

मी फोटो काढून माझ्या ओळखीच्या हिरेमठ सरांना पाठवला. ते धारवाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. सर इतके खूश झाले की रविवारी स्वतःच स्कूटरवरून आले. त्यांनी अक्कांच्या ओसरीवर बसून समजावलं. हे एकाच जातीचं फुलपाखरू. नर सगळे एकसारखे, काळे. मादी मात्र तीन तऱ्हांची असते. एक नरासारखी. बाकीच्या दोघी दुसऱ्या जातीच्या विषारी फुलपाखरांसारख्या दिसतात. ती विषारी फुलपाखरं ईश्वरी नावाच्या वेलीवर वाढतात आणि पाखरं त्यांच्या वाटेला जात नाहीत. ही बिनविषाची मादी त्यांच्यासारखी दिसते, म्हणून पाखरं हिलाही सोडून देतात.

अक्कांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे नक्कल," त्या म्हणाल्या.

"नक्कलच म्हणायची," सर हसत म्हणाले.

"दुसरीच्या जिवावर पास."

"तसंच काहीसं."

सरांना चहा मिळाला, पण बिनसाखरेचा. अक्कांनी शाळेत बाकी सगळं माफ केलं असेल, कॉपी कधी माफ केली नव्हती. बोर्डाच्या परीक्षेत एका तालुक्याच्या पुढाऱ्याच्या मुलाचा पेपर त्यांनी काढून घेतला होता आणि त्यापायी लांबच्या गावी बदलीवर गेल्या होत्या. आणि आता अप्पांची पुडी बंद करून, आपल्याच करीबेवावर त्यांनी कॉपीबहाद्दर पोसले होते.

त्या संध्याकाळी सरांना दाखवायला ठेवलेल्या तांबड्या ठिपक्यांच्या मादीला त्यांनी जाळीतून सोडलं नाही. ती आत पंख हलवत होती. शेवटी अप्पा खुर्चीवरून उठले, झाकणाजवळ गेले आणि त्यांनी दिवसाचा साठा एकदम खर्च केला. "तिला कोणी विचारलं होतं का? पोटातूनच तसा रंग घेऊन आली. कॉपी करायला आधी पेपर बघावा लागतो. हिनं ते दुसरं फुलपाखरू जन्मात पाहिलेलं नाही."

अक्कांनी फोन उचलून हिरेमठ सरांना विचारलं, "नक्कल ओळखायची कशी?" सर म्हणाले, "पोट बघा. खऱ्या विषारीचं पोट तांबडं. हिचं काळं."

अक्कांनी चष्मा चढवला, जाळीला नाक लावलं आणि एवढ्या मोठ्यानं हसल्या की मी जेवता जेवता उठून आलो.

"सापडली!" त्या म्हणाल्या. "सगळं उतरवलं आणि पोट विसरली! काही ना काही विसरतातच ती!" आणि त्यांनी झाकण उचललं.

सगळेच कोश उघडले असं नाही. एक हिरवा कोश दिवस उलटले तरी तसाच राहिला, मग काळवंडला. एका सकाळी त्याला टाचणीएवढं भोक दिसलं आणि त्यातून चिलटांएवढ्या गांधीलमाश्या एकामागून एक बाहेर आल्या. सरांनी सांगितलं, कोश नवा असतानाच ती माशी त्यात अंडी घालते, मग आतलं सगळं तिची पिल्लं खातात. मला वाटलं अक्का "पुढे?" म्हणतील. म्हणाल्या नाहीत. त्यांनी रिकामा कोश तळहातावर घेतला. "हा नापास नाही रे," त्या हळूच म्हणाल्या. "याला कोणी परीक्षेलाच बसू दिलं नाही." मग आत जाऊन त्या दुपारी चारपर्यंत झोपून राहिल्या. इंदूअक्का दिवसा झोपतात हे गल्लीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आणि मग लाइनमनचं प्रकरण झालं. त्यात माझी चूक होती, हे आधीच सांगून टाकतो.

गणपती नुकतेच गेले होते. करीबेवाला पुन्हा तरारून पालवी फुटली होती आणि वरची फांदी वाऱ्यानं विजेच्या तारेला घासत होती. गल्लीतले दिवे मिचमिचायचे, आमचा फ्रिज कण्हायचा. मी फोनवरून तक्रार केली. तिसऱ्या दिवशी दोन लाइनमन शिडी आणि कोयता घेऊन आले. मी नेमका रजेवर घरी होतो. एक जण कमरेचा पट्टा खांबाला अडकवून वर चढला आणि पहिली फांदी धरली.

"केळग इळि!" अक्कांनी खालून हुकूम सोडला. खाली उतर.

हुबळीतली निम्मी माणसं त्या आवाजाला खाली उतरली असती. हा गदगकडचा होता. जाड मिशीचा, शांत. तो कन्नडमधे म्हणाला, "अक्कार, तार घासतेय. उद्या कोणाला शॉक बसला तर मला विचारतील. तुमच्या गल्लीतूनच तक्रार आलीय."

"कोणी केली?"

मी माझ्या चपलांकडे बघायला लागलो.

"सुधीर विनायक जोशी," अक्का म्हणाल्या. एवढंच. पुढचं काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी दोन्ही हात फांदीखाली धरले, पडलं तर झेलायला. "तम्मा," धाकट्या भावाला हाक मारावी तसं त्या वरच्या माणसाला म्हणाल्या, "फांदी तोड. मी नको म्हणत नाही. पण त्या फांद्यांवर चौदा जण आहेत."

"चौदा कोण?"

"पानांच्या खाली बघ."

लाइनमननं पान उलटलं, तर खाली रेशमी धाग्यानं बांधलेला कोश. बराच वेळ बघितलं. मग खांबावरच हसायला लागला. खालच्या जोडीदाराला ओरडून म्हणाला, "अरे, हा आपल्याच खात्यातला! कमरेला पट्टा लावून बसलाय!"

दहा मिनिटांचं काम होतं. त्याला दुपार लागली. तो एकेक डहाळी कापायचा, झटका न देता खाली सोडायचा. जोडीदार ती अक्कांच्या हातात द्यायचा आणि अक्का ती कपडे वाळत घालायच्या दोरीला सुतळीनं उभी बांधायच्या. अप्पांचे ओले बनियन आधी काढले गेले, मग आमच्या दोरीवरचे टॉवेल, मग पलीकडच्या घरच्या चादरी. चार वाजेपर्यंत तीन घरांच्या दोऱ्यांवर करीबेवाचं रान उभं होतं आणि ओले कपडे घेऊन बायका गल्लीत उभ्या होत्या. ज्या अळ्यांचे अजून कोश व्हायचे होते त्यांना मी वाटीत घेऊन खालच्या पालवीवर सोडत होतो. ही माझी शिक्षा होती. दोघींनी मला शिंग दाखवलं. माझ्या बोटांना तो वास दोन दिवस होता.

चौदातली अकरा फुलपाखरं झाली. पुढच्या रविवारी तो लाइनमन बायकोला घेऊन बघायला आला. त्यातलं एक नेमकं त्यांच्यासमोर निघालं. त्याची बायको दोरीखाली उभी राहून पदर तोंडाला लावून रडायला लागली. का ते तिलाही सांगता येईना. अक्कांनी तिला आत नेऊन पाणी दिलं. पालवी परत आली तशी त्या मोसमातली पहिली पुडीची बाटली अप्पांना मिळाली आणि दुसरी त्या लाइनमनला. मला सातवी.

यंदाच्या उन्हाळ्यात अक्का आणि अप्पा मुलाकडे बंगळुरूला गेले. नातीला सांभाळायला. आधी दोन वर्षांसाठी म्हणाले, पण घर भाड्यानं दिलं तेव्हाच आम्ही समजलो.

निघायच्या सकाळी गाडी दारात होती. मुलगा, प्रसाद, घड्याळ बघत उभा होता. अप्पा अर्धा तास आधीपासून मागच्या सीटवर टोपी घालून बसले होते. अक्का कुठेच नव्हत्या. घरात नाहीत, परसात नाहीत. मी सहज आमच्या गच्चीवर गेलो तर तिथे, प्रवासाची नवी इरकली साडी कमरेला खोचून, अक्का आमच्या लिंबाच्या कुंडीपुढे उकिडव्या बसल्या होत्या. हात वर केला. थांब.

तांबड्या ठिपक्यांची मादी कुंडीभोवती भिरभिरत होती. लिंबाचा पालाही या अळ्यांना चालतो. पानावर टेकायची, पुढच्या पायांनी टपटप करून चव बघायची, उडायची. दोन पानं तिनं नापसंत केली. तिसऱ्या कोवळ्या पानाच्या कडेला पोट वाकवलं. खाली प्रसादनं हॉर्न वाजवला. अक्का हलल्या नाहीत. मादी उठली आणि कठड्यावरून पलीकडे गेली. पानावर मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळा, गोल मणी राहिला.

अक्का उठल्या, गुडघ्यांवर हात देऊन, दोनदा थांबून. माझ्याकडे न बघता जिना उतरल्या, गाडीत बसल्या, काच वर केली. कोणाचा निरोप घेतला नाही. गाडी निघाली.

दहा पावलं गेली आणि थांबली. काच खाली आली.

"सुधीर! कुंडी दुपारच्या उन्हात ठेवू नकोस!"

त्यांनी मला पहिल्यांदाच नुसतं सुधीर म्हटलं होतं. मी काही म्हणणार तोवर गाडी पुन्हा हलली. काच उघडीच राहिली, आणि उणकलच्या तळ्याकडच्या वळणापर्यंत अक्कांचा हात बाहेर होता. कठड्याची सावली कुठपर्यंत येते ते बोटानं दाखवत.